तीनशे बारा सह्या

नॉर्मां जेवायला येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. सख्ख्या बहिणीच्या उमेदवारीच्या कागदावर त्याने शेवटपर्यंत सही केली नव्हती, कारणही सांगितलं नव्हतं, आणि ही गोष्ट आमच्या सेंट लूक गावात पोस्टातल्या बाईपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. तरी तो आला. चर्चमधली मिस्सा संपल्यावर सरळ मामाँच्या दारात ट्रक उभा केला, बुटांवरचं बर्फ झटकलं, आणि बायकोच्या, कोलेतच्या, मागे मागे आत येऊन वडिलांच्या खुर्चीत बसला. आम्हा लिझोत लोकांत आवाज चढवून भांडायची रीत नाही. आम्ही जेवायला न जाऊन भांडतो. त्यामुळे तो जेवायला आला म्हणजे अर्धं भांडण मिटलं, असंच सगळे धरून चालले.

मामाँने, म्हणजे या तिघा भावंडांच्या आईने, जेराल्दाने, कोंबडीचा रस्सा केला होता. तव्यावर कुट्टूच्या पिठाचे प्लोय उतरत होते आणि धाकटा रेआल ते उभ्याउभ्याच काकवी लावून खात होता. एक्केचाळीस वर्षांचा घोडा, पण आईच्या तव्यापाशी आला की अजून दहा वर्षांचा होतो.

"बस की रे खाली," कोलेत म्हणाली. "तुझी बहीण वॉशिंग्टनला निघाली आणि तू अजून उभ्याने गिळतोयस."

"अजून निघाले नाहीये," सिमोन हसून म्हणाली. "आधी ऑगस्टाला तर पोचू दे."

म्हातारे सिनेटर तीस वर्षांनी घरी बसणार म्हटल्यावर राज्यभर नुसती झुंबड उडाली होती. रिकामी जागा अशी माणसाच्या आयुष्यात एकदाच येते. दक्षिणेच्या किनाऱ्यावरचा एक पैसेवाला वकील उभा होता, आणि आमच्या खोऱ्यातून आमची सिमोन. सोळा वर्षं शाळेत शिकवलेली, सहा वर्षं राज्याच्या विधानसभेत काढलेली. आमच्या या फ्रेंच बोलणाऱ्या कोपऱ्यातून वॉशिंग्टनला आजवर कुणी गेलं नव्हतं. पक्षाच्या मतपत्रिकेवर नाव यायला दोन हजार सह्या लागतात. ज्याने त्या गोळा केल्या त्याने, त्या आपल्यासमोर झाल्या, अशी नोटरीपुढे शपथ घ्यायची, मग गावोगावच्या क्लार्कने त्या तपासायच्या, आणि मग सगळा गठ्ठा बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत राजधानीत, ऑगस्टाला. क्लार्कांकडे कागद द्यायची मुदत मागच्याच बुधवारी संपली होती. तपासलेले गठ्ठे दोन खोक्यांत भरून मामाँच्या फडताळावर ठेवलेले होते.

"किती झाल्या?" नॉर्मांने विचारलं.

त्याने तो विषय स्वतःहून काढला होता.

"दोन हजार एकशे चाळीस!" रेआल म्हणाला. "आणि त्यातल्या तीनशे बारा या पठ्ठ्याच्या. घरोघर हिटरचं तेल टाकायला गेलो की आधी कागद पुढे. सही केल्याशिवाय नळीच जोडायची नाही."

"लोक गारठून सह्या करत असतील," कोलेत म्हणाली.

नॉर्मांही हसला. हात पुसून त्याने वरच्या खोक्यातला रेआलचा गठ्ठा काढला आणि एकेक पान उलटायला लागला. म्हाताऱ्या तेरियो बाईची थरथरती सही. गिरणीत हात गमावलेल्या आर्मेलची, डाव्या हाताने केलेली. दोघे सीर भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण इथे एकाखाली एक होते. नॉर्मां मनाचा वाईट नाही. त्या सह्या बघताना त्याचा चेहरा मऊ पडत चालला होता, आणि मला तर वाटतं, अजून दोन मिनिटं गेली असती तर तो बहिणीला काहीतरी चांगलं बोलला असता.

मग त्याची नजर पानाच्या तळाशी गेली. तिथे रेआलची शपथ होती, आणि शपथेखाली गोल शिक्का. जेराल्दा कोरिव्हो, नोटरी.

त्याने दुसरं पान उलटलं. तिसरं. मग गठ्ठा टेबलावर ठेवला.

"मामाँ, हे शिक्के कुणी मारलेत?"

जेराल्दा पातेल्यापाशी होती. तिने वळून बघितलं नाही.

"मी."

"म्हणजे काय?" रेआल म्हणाला. "मामाँ नोटरी आहे हे आज कळलं होय तुला?"

"आईने स्वतःच्या पोराच्या शपथेवर शिक्का मारायचा नसतो," नॉर्मां म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "नवऱ्याच्या नाही, भावाच्या नाही, पोराच्या नाही. मारला तर ती शपथच धरत नाहीत. नोटरीच्या पुस्तकात लिहिलंय. मला पान पाठ आहे. तिनेच दाखवलं होतं."

रेआलने मामाँकडे बघितलं, मग सिमोनकडे. प्लोयचा तुकडा त्याच्या हातातच राहिला.

"आठवतं तुम्हाला बूशार्दचं शेत?" नॉर्मां म्हणाला. "तुम्हाला सांगितलं असेल की नॉर्मां उशिरा पोचला. उशिरा नव्हतो पोचलो मी. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत नोटरीचा शिक्का मारलेला कागद देणाऱ्याला शेत, असं बूशार्द म्हातारीने सांगितलं होतं. साडेनवाला मी या टेबलाशी उभा होतो, कागद हातात घेऊन. बँकेतला नोटरी रजेवर. मी म्हटलं, मामाँ, एक शिक्का. हिने पुस्तक उघडून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, कॅरिबूच्या नोटरीकडे जा. बाहेर हात लांबवला तर बोटं दिसत नव्हती अशी हिमवृष्टी! गेलो मी कॅरिबूला. परत आलो तेव्हा अडीच वाजले होते आणि शेत एका कंपनीचं झालं होतं."

"नॉर्मां..." कोलेत म्हणाली. तिलाही हे सगळं ठाऊक नसावं. एकोणीस वर्षं त्याच्या शेजारी झोपून तिला ठाऊक नव्हतं.

"एकोणीस वर्षं मी ते शेत भाड्याने कसतोय. आणि एकोणीस वर्षं मी म्हणत आलो, ठीक आहे, नियम म्हणजे नियम, माझी आई तशी आहे, तिने बाबांच्या ट्रॅक्टरच्या कागदावरसुद्धा शिक्का मारला नव्हता." तो थांबला. "रेआल, तू शपथ घेतलीस त्या दिवशी कॅरिबूचा रस्ता बंद होता का?"

रेआल खोटं बोलू शकत नाही. ती त्याची लहानपणापासूनची अडचण आहे.

"उघडा होता," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं मामाँला, की मी जातो कॅरिबूला. तीच म्हणाली, बस, कुठे जातोस."

*

सिमोनला पहिला धक्का बसला तो आकड्याचा. लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण नंतर. आधी तिने मनातल्या मनात वजाबाकी केली. दोन हजार एकशे चाळीसमधून तीनशे बारा. एक हजार आठशे अठ्ठावीस. ती पुन्हा करून बघितली, जणू दुसऱ्या वेळी उत्तर वेगळं येणार होतं.

"नवीन शपथ घेता येईल ना?" रेआलने विचारलं. "मी आत्ता निघतो. रविवार असला म्हणून काय, कुणीतरी भेटेलच."

"क्लार्ककडे जायच्या आधी शपथ हवी. ती वेळ गेली," सिमोन म्हणाली.

"मग नव्या सह्या."

"त्याही क्लार्कने तपासायला हव्यात, रेआल. ती मुदत गेली. सगळं गेलं."

रेआल खुर्चीत बसला. सहा आठवडे हा माणूस रोज संध्याकाळी लोकांच्या स्वयंपाकघरांत उभा राहिला होता. एका घरात कुत्रा चावला, तर फडकं बांधून पुढच्या घरी गेला.

"पण कळणार कुणाला?" तो हळूच म्हणाला. "शिक्क्यावर लिझोत कुठे आहे? मामाँने माहेरचं नावच ठेवलंय. ऑगस्टातल्या माणसाला काय माहीत कोरिव्हो कोण आणि लिझोत कोण?"

सगळ्यांनी आधी नॉर्मांकडे बघितलं.

"असं बघू नका माझ्याकडे," तो म्हणाला. "मी चुगली करणार नाही."

"तिला पाडायचं असेल तर आत्ताच सांग," कोलेत त्याला म्हणाली. आतापर्यंत ती नवऱ्याच्या बाजूने होती, निदान गावाला तरी तसंच वाटत होतं. "कारण मी सही केलीय. हो, केलीय! तुला न सांगता. रेआलच्या शेवटच्या पानावर आहे. आपली नात गाडीत जन्मली, नॉर्मां. आपल्या दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद केला त्यांनी, आणि आपली पोर कॅरिबूच्या अर्ध्या वाटेवर, उणे वीसमध्ये, ट्रकच्या मागच्या सीटवर बाळंत झाली. त्या वकिलाला ठाऊक तरी आहे का कॅरिबू कुठे आहे? शेत गेलं ते गेलं. माझ्यासाठी हे कागद जायलाच हवेत."

"मी कुठे नाही म्हणतोय?" नॉर्मां म्हणाला. "घेऊन जा कागद. मी कुणाला काही सांगणार नाही, ना आज ना उद्या. माझ्या तोंडातून शब्द निघणार नाही."

सिमोनला हायसं वाटलं. ते खरं आहे आणि तिने ते नंतर माझ्याजवळ कबूलही केलं. भावाचे डोळे भरून आलेत हे तिला दिसत होतं, तरी तिला आधी हायसंच वाटलं.

तेवढ्यात मामाँने गॅस बंद केला.

"मी सांगणार आहे," ती म्हणाली. "उद्या आठ वाजता ऑगस्टाचं ऑफिस उघडतं."

"मामाँ, नको."

"पन्नासच्या वर वर्षं नोटरी आहे मी, सिमोन."

"मग अजून तीन दिवस! मामाँ, मी तुझ्या पाया पडते." सिमोन खरंच उठून तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तिने तिचे दोन्ही हात धरले. "सह्या खोट्या नाहीत. एकेक माणूस खरा आहे. रेआलने खोटी शपथ घेतलेली नाही. लोकांना मी हवी आहे म्हणून त्यांनी सह्या केल्यात. एका शिक्क्यापायी तू त्या तीनशे बारा माणसांना गप्प करणार?"

"शिक्का मी मारला. त्यांना मी गप्प केलं. आधीच केलं."

"तुला ठाऊक होतं, मग का मारलास?" सिमोन ओरडली. आमच्या घरात ओरडणं म्हणजे फार झालं. "ठाऊक होतं, रस्ता उघडा होता, रेआल जायला तयार होता. का?"

जेराल्दाने हात सोडवून घेतले, एप्रन काढून खुंटीला टांगला आणि आपल्या खोलीत गेली. रस्सा कुणी खाल्ला नाही.

*

जेराल्दा कोरिव्हो पंचाहत्तर वर्षांची होती आणि तिने आयुष्यात एकच गोष्ट स्वतःसाठी केली होती. लग्नाआधी, एकविसाव्या वर्षी, ती नोटरी झाली. शिक्क्यावर स्वतःचं नाव. लग्नानंतर सासऱ्यांनी म्हटलं, आता लिझोत कर. तिने नाही केलं. गावातल्या जमिनी, मृत्युपत्रं, बोटींचे आणि ट्रकांचे कागद, सगळ्यांवर ते नाव बसत गेलं.

तिच्या पलंगाच्या कडेला ती बसली होती. दार अर्धवट उघडं होतं. नॉर्मां दारात येऊन थांबला. तो कोट घालून निघालाच होता, पण निघवत नव्हतं.

"निघतोस?"

"हो." पण तो हलला नाही. "मला एवढंच सांग. माझ्या वेळी नाही आणि तिच्या वेळी हो. का? मी तुला तिच्याइतका..." पुढचं त्याला बोलता आलं नाही. बावन्न वर्षांच्या माणसाला ते वाक्य पुरं करता येत नाही.

"ये इकडे, बस."

तो बसला नाही. ती तशीच बोलली.

"मी पहिलीत होते. मला बाहेर जायचं होतं, लघवीला. इंग्रजी येत नव्हतं. मी फ्रेंचमध्ये विचारलं. बाईंनी फळ्यावर शंभर वेळा लिहायला लावलं, मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही. लिहिता लिहिता झाली मला. तशीच उभी राहून शंभर पुरे केले. सगळा वर्ग बघत होता."

नॉर्मांने हे कधी ऐकलं नव्हतं. आमच्यापैकी कुणीच ऐकलं नव्हतं.

"रेआल कागद घेऊन आला. वर छापलेलं, युनायटेड स्टेट्स सिनेट. खाली माझ्या पोरीचं नाव. आणि अगदी तळाला मोकळी जागा, नोटरीची. मी बघत राहिले. म्हटलं, हा कागद राजधानीत जाणार, कायमचा जपून ठेवणार. यावर माझं नाव असायला हवं. दुसऱ्या कुणाचं नको. कॅरिबूच्या कुणा परक्याचं तर नकोच नको." ती थांबली. "सिमोनसाठी नाही मारला मी शिक्का. तिच्या कामाला कॅरिबूचा शिक्का चालला असता. मी स्वतःसाठी मारला. हाव सुटली मला, नॉर्मां. दुसरं काही नाही."

"म्हणजे हौस म्हणून."

"हौस म्हणून. आणि तुला मी बर्फात पाठवलं, तेव्हा मला माझ्या सचोटीची हौस होती. म्हटलं, बघा, कोरिव्हो पोरालाही सोडत नाही. शिक्का मी तुला देऊ शकत नव्हते, ते खरंच. पण मी गाडी काढून तुझ्याबरोबर यायला हवं होतं. तू एकटा गेलास. मी खिडकीतून बघितलं आणि भांडी घासायला लागले."

नॉर्मांला कदाचित एवढंच ऐकायचं होतं, कदाचित एवढ्याने भागणारं नव्हतं. तो बाहेर पडला आणि ट्रक सुरू व्हायला बराच वेळ लागला.

*

सोमवारी पावणेआठला सगळे पुन्हा त्याच टेबलाशी होते. कुणी बोलावलं नव्हतं. रेआल कामाचे कपडे घालून आला होता, तेलाचा टँकर बाहेर घरघरत होता. कोलेतचे डोळे सुजलेले होते, पण नवऱ्याच्या शेजारीच बसली होती. सिमोनने रात्री एक मिनिटही डोळा लावला नव्हता, तिला बघून कुणीही सांगितलं असतं.

आठ वाजले तसा जेराल्दाने फोन जवळ ओढला, चष्मा लावला, नंबर बघितला. दोन आकडे दाबून ती थांबली.

सिमोनने तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"मी करते."

"माझी चूक आहे."

"उमेदवार मी आहे," सिमोन म्हणाली. "माझ्या कागदांबद्दल मीच बोलणार."

पलीकडे एक तरुण माणूस होता, आवाजावरून अगदी कोवळा. सिमोनने नाव सांगितलं. तो जरा गडबडला, उमेदवार स्वतः फोन करत नाहीत म्हणाला. तिने गठ्ठ्याचे क्रमांक सांगितले, सह्यांची संख्या सांगितली, नोटरीचं नाव सांगितलं. तिचा आवाज वर्गात हजेरी घेताना असतो तसा होता.

"यात अडचण काय आहे, मॅडम?" त्याने विचारलं. फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू येत होतं.

"सह्या गोळा करणारा आणि नोटरी, यांचं नातं आहे."

"काय नातं?"

सिमोनने मामाँकडे बघितलं. काल दुपारपासून तिने तिच्याकडे बघायचं टाळलं होतं.

"ती त्याची आई आहे," ती म्हणाली. "माझीही."

पलीकडे बराच वेळ कळफलकाचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, की त्या सह्या मोजता येणार नाहीत, त्याला फार वाईट वाटतं, आणि उरलेल्या घेऊन तुम्ही बुधवारी येणार आहात का? सिमोन म्हणाली, नाही, उरलेल्या पुरत नाहीत. त्याने विचारलं, मग तुमचं नाव यादीतून काढू का? ती म्हणाली, काढा. तो आभार मानायला लागला, तेव्हा तिने फोन ठेवला.

रेआल तोंड फिरवून खिडकीशी उभा राहिला आणि हुंदके देऊन रडायला लागला, लपवायचा प्रयत्नही न करता. कोलेतने उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. सिमोन मात्र रडली नाही. ती दोन्ही खोकी उघडून नुसती बघत बसली होती, सेंट लूकची पानं, कॅरिबूची पानं, अख्ख्या खोऱ्याची पानं. तेवीस तारखेला ती सेहेचाळीसची होणार होती, आणि अशी जागा तिच्या आयुष्यात पुन्हा रिकामी होणार नाही हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

जेराल्दाने शिक्का, शाईची डबी आणि पातळ लाल नोंदवही एका रुमालात बांधली. मग कोट चढवला आणि स्कार्फ बांधला.

"कुठे निघालीस?" सिमोनने विचारलं.

"ऑगस्टाला. हे परत करायचंय."

"पोस्टाने पाठव. नाहीतर थांब, मी नेते तुला."

"तू नको," जेराल्दा म्हणाली. "नॉर्मां नेईल."

नॉर्मांने मान वर केली. बाहेर कालपासूनचं बर्फ अजून पडतच होतं.

"पाच तास लागतात, मामाँ. या हवेत सहा."

"माहीत आहे," ती म्हणाली. "या वेळी मी बरोबर येतेय."

नॉर्मां उठला, ट्रकची किल्ली घेतली आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं.